पांढरं आतडं

१४ नोव्हेंबर

पोचले. मायक्रोस्कोप टेबलावर नीट बसवला, दोन कप चहा झाला, आता लिहायला बसलेय. घरी आम्ही हिंदीच बोलतो, पण हातात पेन आलं की मराठीच येते. शाळा तशी होती.

बाभुळगावच्या स्टँडवर शेतावरचा गडी उत्तमसिंग ट्रॅक्टर घेऊन आला होता. ट्रॉलीत साखरेची पोती होती. त्यांच्यावर मी बसले, मांडीवर मायक्रोस्कोपचा खोका, लहान मूल धरावं तसा दोन्ही हातांनी धरलेला. प्रत्येक खड्ड्याला उत्तमसिंग मागे वळून खोक्याकडे बघायचा, माझ्याकडे नाही. माशा तपासायला आधी पाठवलेले साहेब कारने आले आणि त्याच कारने परत गेले, ट्रॉलीत बसणारं माणूस टिकतं, असं तो म्हणाला. मी हसले. किती दिवसांनी हसले कोण जाणे.

शेत पुंडलिकरावांचं. पक्कं घर, बाजूला गोदाम, गोदामाच्या पुढच्या खोलीत माझी खाट आणि टेबल. खिडकीसमोर तूर. ऐन फुलावर आलेली, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, सगळी पिवळी. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मधमाश्यांच्या निळ्या-पांढऱ्या पेट्यांची रांग. बाजूच्या खोलीत फ्रिज चालू असावा तसा त्यांचा आवाज येत राहतो.

पुंडलिकराव कमी बोलतात. विमलताई, त्यांची बायको, दोघांचं बोलतात. मी यायच्या आधीच त्यांनी अंडी आणून ठेवली होती, या मुलीला भाजीभाकरी गोड लागणार नाही म्हणून. मी वांग्याच्या भाजीवर ताव मारला तेव्हा खुश झाल्या. ताटाशी उभ्याच. "लाजतं काहून वं? घे ना माय," असं म्हणत तिसरी भाकर टाकलीच.

यवतमाळच्या लॅबमध्ये इतकी वर्षं दुसऱ्यांच्या रक्तातल्या पेशी मोजल्या. लॅब बंद झाली तेव्हा दुःखापेक्षा आराम वाटला होता. अम्मी म्हणाली, आता दिग्रसलाच राहा. पण तिथे धाकट्या भावाच्या, शहजादच्या गॅरेजच्या वर, हातोड्यांच्या आवाजात दिवस कसा काढणार? या कामाचं कळल्यावर शहजादने पाना-पेचकस खाली ठेवून विचारलं होतं, आपा, मधमाशीचं पोट बघायला माणूस ठेवतात? ठेवतात बाबा. आलेय बघ.

१७ नोव्हेंबर

काम अंगवळणी पडलं. ऊन वर आलं की पेटीच्या तोंडाशी बसायचं आणि रानातून परतणाऱ्या माशा डबीत पकडायच्या. बाहेर जाणाऱ्या माशा म्हाताऱ्या असतात, रोग असला तर त्यांच्यात आधी सापडतो. डबी फ्रिजमध्ये ठेवली की त्या गारठून निपचित पडतात. मग चिमट्याने पोटाचं टोक धरून हळूच ओढायचं, आतडं सरळ दोऱ्यासारखं बाहेर येतं. निरोगी आतडं बिस्किटाच्या रंगाचं, वळ्यावळ्यांचं. रोगट असेल तर पांढरं, फुगलेलं, वळ्या पुसून गेलेल्या. ते पाण्यात वाटून एक थेंब काचेवर घ्यायचा. त्यात नोसेमा, म्हणजे हाच पोटाचा रोग, असला तर त्याचे बीजाणू दिसतात, तांदळाच्या दाण्यांसारखे चकचकीत.

आजवर सगळी आतडी बिस्किटाच्या रंगाची. ज्यांनी मला या कामावर ठेवलं त्या यवतमाळच्या ऑफिसला मी संध्याकाळी आकडे कळवते, तिथले साहेब 'छान' म्हणतात.

विमलताई दुपारी येऊन बसतात. त्यांना मायक्रोस्कोपमध्ये बघायचं असतं, पण दोन्ही डोळे मिटून बघतात आणि काहीच दिसत नाही म्हणतात. आज एक डोळा उघडायला शिकवलं. माशीच्या पायाला चिकटलेला पराग बघून म्हणाल्या, आपली हळदच की हे.

२३ नोव्हेंबर

शेवटच्या टोकाच्या पेट्यांत पांढरं आतडं सापडलं. एक, मग दुसरं, मग डबीतल्या निम्म्या माशांचं.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर कामाला अर्थ आल्यासारखं वाटलं. काचेवर दाणेच दाणे. मोजता मोजता डोळ्यांतून पाणी आलं.

पुंडलिकरावांना समजावून सांगितलं. या माशा खातात पण पचत नाही, म्हणून आणखी खातात, उपाशीच राहतात. कालची तरुण माशी आठवड्यात म्हातारी होते. पेटीत घाण करते. घर साफ ठेवायचं काम तरुण माशांचं, त्या ती घाण तोंडाने उचलतात, आणि रोग त्यांच्या पोटात जातो. जी साफ करते तिलाच लागतं. ते ऐकून पुंडलिकरावांनी पेटीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, माणसाले तर नाई ना होत? मी म्हटलं, नाही भाऊ, शंभर टक्के नाही. शिकले तसं सांगितलं.

बाहेर आले तर विमलताई पेट्यांच्या फळ्यांवरची घाण हाताने खरवडत होत्या आणि पदराने पुसत होत्या. मी ओरडलेच. हातमोजे दिले. त्या हसल्या. गाईगुरांचं शेण काढताना कोण मोजे घालतं, म्हणाल्या.

१ डिसेंबर

पसरतंय. पेट्यांसमोर माशा जमिनीवर चालताना दिसतात, पंख वाकडे, थरथरत. उडता येत नाही, पण चालत राहतात, पेटीपासून लांब, तुरीकडे. ऑफिसला म्हटलं, आजारी पेट्या जाळून टाकू या. साहेब म्हणाले, तूर संपेपर्यंत थांबा, नमुने घेत राहा. मी नमुने घेतेय. सकाळी उठते तीच थकलेली असते. चिमटा धरून बोटं आखडतात.

विमलताई आजकाल जेवताना माझ्याजवळ उभ्या राहत नाहीत. स्वतःच खात बसलेल्या असतात. काल मी गेले तेव्हा त्या माशांसाठी केलेला साखरेचा पाक वाटीने पीत होत्या. मला बघून लाजल्या. "पोट भरतच नाई वं. मले समजून नाई राह्यलं काय होते ते," म्हणाल्या.

७ डिसेंबर

विमलताईंना ओळखता येत नाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. कानापाशी केस पांढरे झालेत, आणि हे मी आले तेव्हा नव्हतं, मला नक्की आठवतं, काळ्याभोर वेणीला त्या रोज तेल लावायच्या. खातात मात्र सारख्या. भाकरी, गूळ, कच्चं पीठसुद्धा. आणि मग सगळं उलटून पडतं.

बाभुळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक. सलाइन लावलं, ताकदीच्या गोळ्या दिल्या. त्यांचं काय चुकलं? जे शोधायचं असतं तेच तपासात सापडतं, हे मला इतक्या वर्षांत कळलंय.

पुंडलिकराव दिवसभर कापूस वेचायला आलेल्या बायांच्या मागे. मग मीच बसते विमलताईंजवळ. तोंड पुसते, चादरी बदलते, बादली धुते. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्यासाठी अंडी आणून ठेवली होती. एवढं तर करायलाच हवं. हातमोजे माशांच्या कामात संपले. साबण आहे.

आज दुपारी त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात तापलेला, आणि बारीक बारीक थरथरत होता, सारखा, एका लयीत.

१२ डिसेंबर

विमलताई गेल्या. मेल्या असं नाही. उठून गेल्या.

दुपारी मी पेट्यांवर होते. त्या घरातून बाहेर आल्या, अनवाणी, तोल सावरत. मी हाक मारली. वळल्या नाहीत. तुरीत शिरल्या. मला वाटलं, परसाकडे गेल्या असतील. थांबले. मग शोधायला गेले. तूर इतकी दाट की चार पावलांवरचं दिसत नाही. हाका मारल्या. मधमाश्यांच्या आवाजात माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता.

गावातले लोक आले. विहीर पाहिली, नाला पाहिला, तुरीतून रांग करून फिरले. पोलीसही येऊन लिहून घेऊन गेले. उत्तमसिंग संध्याकाळपर्यंत हाका मारत होता, त्याचा घसा बसला.

१६ डिसेंबर

पुंडलिकराव शोधायला येत नाहीत. ओट्यावर बसून खातात. मी विचारलं, भाऊ, कळंबला त्यांच्या माहेरी फोन करून बघू का. ते म्हणाले, "थे गेली. घरात मरायचं नव्हतं तिले." आणि भुईमुगाच्या शेंगा टरफलांसकट तोंडात टाकल्या.

त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्यात.

मी ऑफिसला फोन केला. सगळं सांगितलं. साहेब काळजीने म्हणाले, मॅडम, तुम्ही थकलाय, दोन दिवस आराम करा. खरंच थकलेय. एवढंच एक वाक्य पटलं.

१९ डिसेंबर

उत्तमसिंग निघाला. बायकोमुलांना घेऊन नातेवाइकांच्या तांड्यावर जातो म्हणाला, पुसदकडे. ट्रॅक्टरची चावी माझ्या टेबलावर ठेवली. "मॅडम, तुमी बी चाला. इथं आता कोनासाठी थांबता?" मी म्हटलं, भाऊंना एकटं कसं सोडू. त्याने खिशातून फोन काढला. मग शहजादचा नंबर मागून घेतला, असू द्या म्हणाला. मी दिला. जास्त विचार करायची ताकद नव्हती.

तो गेल्यावर मी जेवले. मग परत जेवले.

२२ डिसेंबर

दोन दिवस लिहिलं नाही. भूक. सकाळी भात, दुपारी भात, मग गूळ, मग उलटी. आरशात बघणं टाळते, पण कंगव्यात आलेले पांढरे केस दिसतातच.

आज सकाळी उलटी झाली तेव्हा तिच्यातला एक थेंब काचेवर घेतला. हसू नका. सवय आहे. आयुष्यभर हेच केलंय, शंका आली की थेंब काचेवर.

लेन्स फिरवली. धूसर होतं. मग स्पष्ट झालं.

दाणे. चकचकीत, लांबट, एकसारखे. तांदूळ सांडावा तसे.

काच फेकली. नवीन काच घेतली, उकळलेलं पाणी घेतलं, नवा थेंब. तेच. तिसऱ्यांदा तेच. मग मोजायला लागले. हाताला दुसरं काही सुचेना—

२४ डिसेंबर

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात जायचं ठरवलं. रस्त्यापर्यंत चालत गेले, तीनदा बसावं लागलं. एसटी आली. भरलेली. दारातल्या बाईने माझी हालत बघून कडेवरचं मूल सावरत हात पुढे केला, या माय, बसा इथं, म्हणून स्वतः उठली.

तेवढ्यात पोटातून वर आलं. गिळलं.

इथे मला उलटी झाली तर पुसणार कोण? हीच. पदराने. आणि दवाखान्यात? चादर बदलणारी मुलगी, बादली धुणारी बाई. जी साफ करते तिलाच—

मी चढले नाही. कंडक्टर ओरडला, घंटी मारली. बाई खिडकीतून बघत राहिली.

परत यायला दुपार गेली.

२५ डिसेंबर

ऑफिसला परत फोन. कोणी माणूस पाठवू नका, सगळं जाळायला पाठवा, असं म्हटलं. साहेब म्हणाले, नवीन वर्षात बघू, तुमचा आवाज नीट येत नाही.

अम्मीशी बोलले. खूप बरी आहे म्हटलं. काय जेवलीस, तिने विचारलं. फोन तोंडापासून लांब धरला. रडू येतंय असं तिला वाटलं असेल. तोंडात पीठ होतं.

२६ डिसेंबर

पुंडलिकराव गेले. ओट्यावर चपला आहेत. तुरीच्या दोन ओळींमध्ये वाट पडलीय.

मी अडवलं नाही. ओट्यावर बसून बघितलं. बसवत नाही आणि उठवतही नाही.

२७ डिसेंबर

उत्तमसिंगने शहजादला फोन केला. चांगल्या मनाने केला. आपा बिमार है तो बताया क्यूँ नहीं, शहजाद ओरडला, उद्या येतो, घेऊन जातो, अम्मी तुला पंधरा दिवसांत उभी करेल.

अम्मी. अम्मी चादरी बदलेल. अम्मी चमच्याने भरवेल आणि उरलेलं स्वतः खाईल, तिला टाकवत नाही.

मी त्याला म्हटलं, येऊ नको. तो हसला. मग जे सुचलं ते बोलले. मी इथे लग्न केलंय. तुमच्या घरात मला परत यायचं नाही. अम्मीचं तोंड बघायचं नाही. तुझ्या गॅरेजची घाण वाटते मला, पहिल्यापासून वाटते. लहानपणी मी त्याला सायकल शिकवली होती, मागे धरून पळत. फोनवर तो एकदाच आपा म्हणाला. मग फोन बंद झाला.

बरं झालं. आता येणार नाही. रागात असलेला बरा.

२८ डिसेंबर

तुरीत गेले होते. दुपारी. का गेले माहीत नाही. पाय गेले.

आत, पार मध्ये, थोडी जागा मोकळी आहे. तिथे ते बसलेत. पाठीला पाठ लावून, गुडघे छातीशी. विमलताई. भाऊ. अंगावर माशा, हलत नाहीत, नुसत्या बसलेल्या. जिवंत आहेत दोघं. थरथरतायत, बारीक, एका लयीत, थंडीत माशा एकमेकींना बिलगून थरथरतात तसं. जवळ गेले तर चुलीसमोर बसल्यासारखी धग.

विमलताईंनी डोळे उघडले. ओळखलं. हसल्या, तसंच, पहिल्या दिवसासारखं.

आणि थोडं सरकून जागा केली.

मी पळाले. पळाले म्हणजे—चालले. रांगले.

पण धग किती छान होती.

२९ डिसेंबर

घरात गारठा. ऊन आहे तरी गारठा.

मोटरसायकल. रस्त्यावर. सायलेन्सर फाटलेला, त्याची आहे, कुठेही ओळखेन—

रागावला नाही. एवढं बोलले तरी. वेडा.

खोलीत सापडले तर उचलेल. तोंड पुसेल. पाठीवर घेऊन जाईल, तो तसाच आहे. दाराला कुलूप लावलं. वही घेतली. तो समजेल मी गेले. शोधून परत जाईल. नाल्याकडे जायचं होतं, लांब, पाय वळले नाहीत, तुरीतच—

आत आलेय. लांबच बसलेय त्यांच्यापासून. धग इथपर्यंत येते.

दार वाजवतोय. आपा. आपा.

गप्प. तोंडात ओढणी कोंबली. गप्प राहायचं, बस. थकून जाईल. जा रे बाळा, घरी जा, अम्मी वाट बघत असेल.

धुऱ्यावर आलाय. पेट्यांपाशी. आवाज रडका झालाय. आपा, मैं नाराज नहीं हूँ, बाहेर ये.

मी ओ देणार नाही. नाही देणार. श्वाससुद्धा

थांबला. परत फिरतोय. पावलं लांब जातायत. जा, जा, जा—

विमलताई उठून उभ्या राहिल्या. हात हलवतायत त्याला. मायेने. "इकडं हाय ते, बाबू. ये ना, लाजतं काहू—"

पावलं वळली. शहजाद नको इकडे ये